पत्ते चांगले होते, चिंचोके कमी होते

"ताई, माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती गं!"

रात्री पावणेदोन वाजता फोन करून कुणी तुम्हाला हे वाक्य ऐकवलं तर तुम्ही काय कराल? मी आधी घड्याळ पाहिलं. मग उठून पाणी प्यायले. मग म्हटलं, "किती गेले?"

पलीकडे शांतता. आमचे धाकटे बंधुराज (वय २६, मुक्काम हिंजवडी, पेशा दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणे) सहसा गप्प बसणाऱ्यातले नाहीत. त्यामुळे आकडा मोठा असणार हे मला तिथेच कळलं. एक लाख वीस हजार. त्यातले पन्नास हजार स्वतःचे आणि सत्तर हजार क्रेडिट कार्डावरचे. ही गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारीतली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केला. म्हणजे सरकारला आमच्या घरी पोचायला सहा महिने उशीर झाला. असो.

त्या रात्री मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. सारांश एवढाच, की जुगार तो जुगार, त्यात कसले आलेत चांगले आणि वाईट पत्ते? आणि त्याचं एकच पालुपद: "मी बरोबर खेळत होतो. नशीब खराब होतं."

हे वाक्य जगातला प्रत्येक हरलेला माणूस म्हणतो. पण मी विम्याच्या कंपनीत क्लेम्स बघते. 'माझी काही चूक नव्हती' हे वाक्य दिवसातून वीस वेळा वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आणि धंद्यात मी एक गोष्ट शिकले आहे, की अशी माणसं कधीकधी चक्क खरं बोलत असतात. म्हणून पुढच्या शनिवारी मी त्याला त्याचा लॅपटॉप घेऊन घरी बोलावलं. म्हटलं, दाखव तुझं नशीब.

तर आधी खेळ. ज्यांना येतो त्यांनी हा परिच्छेद सोडून खुशाल चहा ठेवावा. 'टेक्सस होल्डेम' नावाच्या पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडले जातात. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). सातातले उत्तम पाच ज्याचे, त्याचा पॉट. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. दर डावाला दोघांना पत्ते न बघता सक्तीने पैसे टाकावे लागतात, ते छोटं आणि मोठं ब्लाइंड. आणि तुमच्या पुढ्यात जी चिपांची रास असते, तिला म्हणतात स्टॅक. स्टॅक रुपयांत मोजत नाहीत, मोठ्या ब्लाइंडांत मोजतात. पन्नास-शंभरच्या टेबलावर दहा हजार घेऊन बसलात, तर तुमच्याकडे शंभर ब्लाइंड आहेत.

आता एक्क्यांची जोडी. पत्ते वाटल्यावर याहून चांगलं काहीच मिळू शकत नाही. समोरच्याकडे राजांची जोडी असेल आणि दोघांनीही सगळं पुढे सरकवलं, तर एक्केवाला शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकतो. आपल्याला इथे फक्त '८२' ऐकू येतं. आपण फर्स्ट क्लासवाले लोक, ८२ म्हणजे आपल्याला पेढे वाटण्याचे मार्क्स वाटतात. पण उरलेले १८ कुठे जातात? ते कुठेही जात नाहीत. ते तिथेच दबा धरून बसलेले असतात.

आणि खरी गंमत पुढे आहे. समजा तुमचं दैव इतकं जोरावर आहे, की तुम्हाला पाच वेळा ऑल-इन करायला मिळालं आणि पाचही वेळा तुम्ही ८२ विरुद्ध १८ असे पुढे होतात. तर पाचही जिंकण्याची शक्यता किती? ८२ टक्के पाच वेळा गुणा. उत्तर येतं ३७. म्हणजे जगातले सर्वोत्तम पत्ते मिळूनसुद्धा, पाचात एकदा तरी मार खाण्याची शक्यता ६३ टक्के! मी हे कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. बंधुराज माझ्याकडे 'सांगत होतो ना' अशा नजरेने बघत होते.

पण थांबा. एकदा मार बसला, तर पुढे काय होतं? ते पत्त्यांवर नाही, स्टॅकवर ठरतं.

समजा माझ्याकडे दहा हजार आहेत आणि तुमच्याकडे तीन. आपण दोघांनीही ऑल-इन केलं. खेळात लागतात फक्त तीनच हजार, कारण ज्याचा ढीग लहान त्याच्यापुरताच व्यवहार. याला पोकरवाले 'इफेक्टिव्ह स्टॅक' म्हणतात. मी हरले तर माझ्याकडे सात हजार उरतात आणि मी पुढच्या डावाचे पत्ते उचलते. तुम्ही हरलात तर तुम्ही चप्पल शोधता. नशीब दोघांना सारखंच लागलं, पण तुम्हाला ते एकदाच पुरतं आणि मला तीन वेळा. वाईट नशीब दोघांकडेही येतं हो, पण ते पचवायची ताकद दोघांची वेगळी असते.

लहान स्टॅकवाल्याला खेळही वेगळाच खेळावा लागतो. हे मला सर्वांत आवडलं. समजा तुम्हाला पंजांची जोडी आली. फ्लॉपमध्ये तिसरा पंजा पडला तर तुम्ही राजे, पण तो पडतो साडेआठ वेळांतून एकदा. बघायला दर वेळी तीन ब्लाइंड मोजावे लागतात असं धरा. म्हणजे एकदा लागण्याआधी साडेसात वेळा मिळून साडेबावीस ब्लाइंड पाण्यात. समोरच्याकडे शंभर ब्लाइंड असतील तर त्या एका वेळेला तुम्ही हे भरून काढू शकता, वर चार पैसे कमावूही शकता. पण त्याच्याकडे किंवा तुमच्याकडे मिळून-जुळून पंधराच उरले असतील तर? कितीही सुंदर पंजा पडो, हिशोब जुळत नाही. पत्ते तेच, जोडी तीच. एका ठिकाणी ती गुंतवणूक आहे, दुसऱ्या ठिकाणी उधळपट्टी. दहा-बारा ब्लाइंडांवर आलात की बघू, थांबू, पुढच्या पानाची वाट पाहू, ही चैन संपलीच. एक तर सगळं पुढे सरकवायचं, नाही तर पत्ते टाकायचे. नुसतं बसून राहावं म्हटलं तर तेही नाही, कारण ब्लाइंडं फिरत फिरत तुमच्याकडे येतातच. ईएमआयसारखी.

डॅन हॅरिंग्टन नावाच्या खेळाडूने २००४ पासून आलेल्या आपल्या पुस्तकांत यासाठी एक सोपं माप लोकप्रिय केलं. एका पूर्ण फेरीला सक्तीचे किती पैसे जातात ते काढा आणि आपल्या स्टॅकला त्याने भागा. म्हणजे हात न हलवता तुम्ही किती फेऱ्या जगाल ते कळतं. बॅकगॅमनचे मोठे जाणकार पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून या आकड्याला 'एम' म्हणतात. वीसच्या वर हिरवा झोन, दहाच्या खाली नारिंगी, पाच-सहाच्या खाली लाल. वाचल्या वाचल्या मी माझा स्वतःचा 'एम' काढला. पगार बंद झाला तर घरभाडं, किराणा, एसआयपी, आई-बाबांना पाठवायचे, हे सगळं धरून मी किती महिने जगेन? उत्तर सांगते थोड्या वेळाने.

पण मग हा सगळा खेळ नशिबाचा की अकलेचा? यावर दोन्ही बाजूंना देण्यासारखी एकेक गोष्ट आहे, आणि मजा म्हणजे दोन्ही एकाच टेबलावर घडल्या.

२००३ साली लास व्हेगासच्या 'वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण उतरले होते. दहा हजार डॉलर प्रवेश फी. जिंकला कोण? टेनेसीचा २७ वर्षांचा एक अकाउंटंट. तो ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तिथे पोचला होता आणि समोरासमोर बसून खेळायच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. बक्षीस २५ लाख डॉलर. आणि नाव? ख्रिस मनीमेकर. खरंच. सिनेमात असं नाव ठेवलं असतं तर प्रेक्षकांनी पैसे परत मागितले असते. त्याच्यानंतर जगभरच्या प्रत्येक ऑफिसातल्या प्रत्येक अकाउंटंटला वाटू लागलं, की आपणही! पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत २,५७६ जण आले.

आता दुसरी गोष्ट. मनीमेकर जिंकला त्या वर्षी तिसरा कोण आला होता? तोच तो हॅरिंग्टन, 'एम'वाला. आणि पुढच्या वर्षी, २,५७६ जणांच्या गर्दीत? चौथा, पुन्हा हॅरिंग्टन! एका वर्षी अकाउंटंट जिंकतो, हे नशीब. पण एकच माणूस लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या टेबलावर येऊन बसतो, याला नुसतं नशीब म्हणणं जड जातं. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या दोघांनी २०१० च्या स्पर्धांचा हिशोब मांडला, तेव्हा आधीपासून नावाजलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्क्यांच्या वर परतावा मिळालेला दिसला, आणि बाकीच्यांना १५ टक्क्यांच्या वर तोटा. म्हणजे अक्कल आहे. फक्त ती दिसायला वेळ लागतो. आणि तो वेळ येईपर्यंत तुम्ही खुर्चीत बसलेले असावे लागता.

खुर्चीवरून आठवलं. पोकरमधली सगळ्यांची लाडकी कथा आहे जॅक स्ट्रॉसची. १९८२ ची तीच मुख्य स्पर्धा. साहेब सगळं हरले आणि उठायला लागले, तर रुमालाखाली पाचशेची एक चिप सापडली. त्यांनी तोंडाने 'ऑल-इन' म्हटलं नव्हतं, म्हणून बसू दिलं. आणि त्या एका चिपवरून ते अख्खी स्पर्धा जिंकले. तेव्हापासून 'एक चिप आणि एक खुर्ची' हा पोकरचा मंत्र झाला. बंधुराजांच्या लॅपटॉपवर याचा स्टिकर होता. मी विचारलं, "आणि ज्यांना रुमालाखाली काही सापडलं नाही, त्यांचे स्टिकर कुठे मिळतात?" त्याने उत्तर दिलं नाही.

मग आम्ही एक्सेल उघडलं. पोराने एक काम चांगलं केलं होतं. टेस्टर असल्यामुळे असेल, पण चार महिन्यांतला प्रत्येक ऑल-इन त्याने लिहून ठेवला होता. त्याचे पत्ते, समोरच्याचे पत्ते, पैसे कधी लागले. एकूण ४१. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर बसून प्रत्येक हाताची शक्यता काढत गेलो. दुपारी बाराला बसलो ते संध्याकाळी सहाला उठलो, मध्ये दोनदा पोहे झाले. शेवटी बेरीज आली. शक्यतांच्या हिशोबाने ४१ पैकी साधारण २५ हात त्याने जिंकायला हवे होते. जिंकला २१.

चार हात कमी. ऐकायला काहीच नाही. पण प्रत्येक हात म्हणजे शंभर ब्लाइंडांच्या आसपासचा स्टॅक, आणि जिंकणं आणि हरणं यातलं अंतर दोन स्टॅकचं. चार दुणे आठ. पन्नास-शंभरच्या टेबलावर आठ स्टॅक म्हणजे ऐंशी हजार रुपये. नशीब सरासरीइतकं असतं, तर स्वारी जिथे होती तिथेच, ना नफा ना तोटा, बसलेली असती.

म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. रात्री पावणेदोनला मी त्याला जे बोलले होते, त्यातलं निदान निम्मं मला परत घ्यावं लागणार होतं.

पण उरलेले चाळीस हजार? ते नशिबाचे नव्हते. स्वतःचे पन्नास हजार म्हणजे पाच स्टॅक संपले, कार्डावरचे तीनही संपले, तेव्हा हा गडी दुप्पट मोठ्या टेबलावर जाऊन बसला. शंभर-दोनशेच्या. वीस-वीस हजारांचे दोन स्टॅक. का? तर 'पटकन भरून काढायला'. रात्री एकला. एक्के तिथेच आले होते आणि तिथेच गेले. एक्के त्याने बरोबर खेळले होते. चूक होती ती त्या खुर्चीत जाऊन बसण्याची.

सोमवारी मी हा सगळा हिशोब आमच्या ऑफिसातल्या ॲक्च्युअरी सरांना दाखवला. (भावाचं नाव न सांगता. 'एका मित्राचं' म्हटलं. सर हसले. 'एका मित्राचं' हे त्यांनीही बरंच ऐकलेलं असणार.) ते म्हणाले, "अगं, हे तर आपलंच काम आहे." १९०३ साली फिलिप लुंडबर्ग नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी नेमका हाच प्रश्न विम्याच्या कंपन्यांसाठी मांडला होता. धंदा फायद्याचा आहे, प्रीमियम नीट घेतला आहे, पण क्लेम लहरीप्रमाणे येतात. मग गाठीशी किती भांडवल असलं म्हणजे एखाद्या वाईट वर्षात कंपनी बुडणार नाही? म्हणून तर विमा नियामक आपल्या कंपन्यांना लागेल त्या किमान भांडवलाच्या दीडपट ठेवायला लावतो. फायद्यातली कंपनीसुद्धा बुडू शकते. नुसता फायदा पुरत नाही, तो येईपर्यंत तग धरावी लागते.

मग सरांनी कँटीनच्या टिश्यू पेपरवर सूत्र मांडलं. समजा 'मित्र' खरोखरच चांगला खेळाडू आहे. दर शंभर डावांना सरासरी पाच ब्लाइंड कमावतो. हे उत्तमच म्हणायचं. पण या खेळातले चढउतार दर शंभर डावांना नव्वद ब्लाइंडांच्या घरातले असतात. मग पहिली गोष्ट: दहा हजार डाव खेळल्यावरही हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के. दहा हजार डाव हं! आणि दुसरी गोष्ट: तो पाच स्टॅक घेऊन उतरला आणि खालच्या टेबलावर कधी गेलाच नाही, तर कधी ना कधी सगळं बुडण्याची शक्यता ५४ टक्के. वीस स्टॅक असतील तर साडेआठ टक्के. तीस असतील तर अडीच.

मी तो टिश्यू पेपर घडी घालून पर्समध्ये ठेवला. माणूस तोच, अक्कल तीच, पत्ते तेच. पाच स्टॅक असतील तर नाणं उडवल्यासारखं. तीस असतील तर जवळपास निश्चिंत. आणि हे सगळं तो खरोखर जिंकणारा खेळाडू आहे असं धरून. ४१ हातांवरून ते कुणालाच सांगता येत नाही. त्यालाही नाही.

आता माझा 'एम'. टाळत होते, पण सांगते.

सत्तर हजार मी भरले. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढत होतं आणि सांगलीला आई-बाबांपर्यंत ही गोष्ट जाऊ द्यायची नव्हती. भरल्यावर माझ्या खात्यात दीड महिना निघेल इतके पैसे उरले. दीड! हॅरिंग्टन साहेबांनी मला लाल झोनमध्ये टाकून वर दिवाही लावला असता.

आणि तेव्हाच आलं अप्रेझल. साहेबांनी चार टक्के वाढ आणि सोबत एका सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं निम्मं काम पुढे केलं. माझ्याकडे पत्ते चांगले होते. वर्षभराचे आकडे चांगले होते, दुसऱ्या एका कंपनीने चौकशीही केली होती. 'जरा विचार करून सांगते' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. पण ते म्हणताना साहेबांनी 'ठीक आहे, करा विचार' म्हटलं असतं तर? नवी नोकरी लांबली तर? प्रोबेशनमध्ये काही झालं तर? माझ्याकडे वाट बघण्याइतके ब्लाइंड नव्हते. मी हसून "थँक यू सर" म्हटलं. म्हणजे पोकरच्या भाषेत, मी पत्ते टाकले.

माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीने तीच ऑफर नाकारली. तिचे आकडे माझ्यासारखेच होते. पण तिचं घर सासऱ्यांनी घेतलेलं, नवऱ्याचा पगार वेगळा. ती दोन आठवडे शांतपणे 'विचार' करत बसली आणि तिला नऊ टक्के मिळाले. मला तिचा राग आला, हे कबूल करते. मग वाटलं, तिने तरी काय केलं? तिच्याकडे स्टॅक होता आणि तिने तो नीट खेळला. आपण सगळे पत्त्यांबद्दलच बोलत राहतो. डिग्री, टॅलेंट, इंग्रजी, मेहनत. पण कुणी नोकरी सोडून स्टार्टअप काढायचं 'धाडस' केलं की मी हल्ली टाळ्या वाजवायच्या आधी मनात विचारते, की याच्या पुढ्यात ढीग केवढा आहे? आणि तो कुणी रचला? कालचं कुणाचं तरी नशीबच आज ढीग होऊन बसलेलं असतं. आजोबांनी स्वस्तात घेतलेला फ्लॅट, बाबांची पेन्शन. ते आपलं कर्तृत्व नाही. आणि ज्याच्याकडे ते नाही, त्याचा तो दोषही नाही. पण टेबलावर बसल्यावर ते मोजावं मात्र लागतं.

थोडक्यात काय, तर मी दोन गोष्टी केल्या. एक, पगार झाला की दुसरं काही करायच्या आधी एक रक्कम अशा खात्यात टाकते, ज्याचं कार्डच मी घेतलेलं नाही. माझा 'एम' आता चारवर आलाय. सहा झाला की पुढचं अप्रेझल वेगळं होईल, असं स्वतःला सांगते. दोन, बंधुराज मला दर एक तारखेला पाच हजार देतात. चौदा हप्ते. बिनव्याजी, कारण मी बहीण आहे, बँक नाही. एकही हप्ता अजून चुकलेला नाही. ॲप त्याने फेब्रुवारीतच काढून टाकलं होतं. स्टिकरही गेला.

पत्ते मात्र नाही गेले. लहानपणी सुट्टीत आजी आम्हाला बदाम सात आणि झब्बू शिकवायची, मोठी माणसं रमी खेळायची, आणि पैशांच्या जागी असायचे चिंचोके. आजीची ती पिशवी मी सांगलीहून घेऊन आले. आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे सात-आठ जण जमतात, प्रत्येकाला शंभर चिंचोके मिळतात. पैसे एक छदामही नाही. जो पहिला बाद होईल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. तुम्हाला सांगते, एक लाख वीस हजारांपेक्षा आठ जणांची पावभाजीची भांडी माणसाला जास्त विचार करायला लावतात.

गेल्या शनिवारी बंधुराज नऊ चिंचोक्यांवर आले होते आणि ब्लाइंड एक-दोनचं. म्हणजे साडेचार ब्लाइंड. त्याने पंजांची जोडी पाहिली आणि नऊच्या नऊ पुढे सरकवले. माझ्याकडे एक्का-राजा. मी कॉल केलं. अशा वेळी जोडीवाला किंचित पुढे असतो, शंभरात पंचावन्नच्या आसपास. फ्लॉपमध्ये काही नाही, टर्नला काही नाही, आणि रिव्हरला पडला बदाम राजा.

सगळे ओरडले. मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं आता येणार, 'ताई, माझ्याकडे जोडी होती गं.'

तो म्हणाला, "नऊच होते. दुसरं काय करणार होतो?"

आणि बाह्या वर करून सिंककडे गेला.